पावडर मारा म्हणालो तेव्हा

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस हमखास विचारतो, "काय करता आपण?" मी म्हणतो, "नगरपंचायतीकडं असतो." त्यानं आणखी खोदलं तर म्हणतो, "पाण्यावर असतो." कोणत्या पाण्यावर ते जेवण उरकेपर्यंत सांगत नाही. एकदा सांगितलं होतं, तर त्या गृहस्थानं वरणाची वाटी बाजूला सारली आणि नंतर मठ्ठासुद्धा घेतला नाही. मी गावाच्या सांडपाणी केंद्रावर ऑपरेटर आहे. पगार ठेकेदार देतो आणि शिव्या नगरपंचायत देते. वय पंचावन्नच्या पुढं गेलंय, त्यामुळं आता दुसरं काही शिकायचा कंटाळा येतो.

आमचं गाव तालुक्याचं आहे, वडवणीपेक्षा थोडं मोठं असेल. सगळा उतार पूर्वेकडं, आणि उताराच्या टोकाला मी. गावानं सकाळी आंघोळी केल्या, भांडी घासली, कपडे धुतले की ते सगळं अर्ध्या-पाऊण तासात माझ्यापाशी येतं. आधी लोखंडी जाळी लागते. तिच्यात शांपूच्या आणि गुटख्याच्या पुड्या अडकतात, केसांचे गुंते अडकतात, चपला तर रोजच्या. एकदा दातांची कवळी आली होती. मी ती धुऊन आठवडाभर खिडकीत ठेवली, पण कुणी मालक आला नाही. तो बिचारा पातळ भाजीवर दिवस काढत असेल आणि गटारीला दोष देत असेल.

जाळीच्या पुढं वाळू बसायची कुंडी, आणि तिच्या पुढं हवेची टाकी. खरं काम तिथं होतं, आणि ते मी करत नाही. टाकीतल्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. खालून ब्लोअरनं हवा सोडायची, वरून गावची घाण यायची. ते जंतू ती घाण खातात, वाढतात आणि गाळ होऊन खाली बसतात. वर जे पाणी उरतं ते स्वच्छ असतं. प्यायचं नाही, पण शेताला चालतं, जनावरं तोंड लावतात. मी त्या जंतूंना जित्राबं म्हणतो, कारण त्यांना वेळेवर वैरण लागते, वारा लागतो आणि दिवाळी-दसऱ्याची सुट्टी नसते. ट्रेनिंगला आलेल्या पोरांना हे सांगितलं की ती हसतात. हसू देत.

रोज सकाळी एक लिटरचा काचेचा जार टाकीतून भरायचा आणि ओट्यावर अर्धा तास ठेवायचा. तपकिरी गाळ हळूहळू खाली बसला, वर पाणी निवळ राहिलं आणि जाराला ओल्या मातीचा वास आला की टाकी ठणठणीत आहे असं समजायचं. इतकी वर्षं झाली, सकाळचा चहा मी त्या जाराकडं बघतच पितो. बायको म्हणते, घरी माझ्याकडं एवढं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

निवळलेलं पाणी केंद्राच्या मागच्या भिंतीतून एका पाटात पडतं. पाटाच्या कडेला एका बाईचं दहा-बारा गुंठे रान आहे. नवरा गेलेला, रान दगडाचं, विहिरीला उन्हाळ्यात पाणी नाही. आधी ती दरवर्षी दिवाळीनंतर भावासोबत ऊसतोडीला जायची. ऊसतोडीत दोन माणसांचा मिळून एक कोयता धरतात. एक तोडतो, दुसरा मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेतो. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत कुणी विचारत नाही. तिच्या भावाची बायको मणक्यानं अधू, म्हणून तो अर्धा. ही विधवा, म्हणून ही अर्धी. दोघं मिळून एक.

केंद्र सुरू झालं आणि पाटाला बारमाही पाणी आलं. तिनं रानात लसूणघास लावला, दोन म्हशी घेतल्या आणि दोन हंगाम ती तोडीला गेली नाही. भाऊ कुठल्या तरी दूरच्या पुतण्याला धरून गेला. ती माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान असेल. मला दादा म्हणते, मी तिला अक्का म्हणतो. पाटाला पाणी कमी वाटलं की तिचा फोन यायचा, "दादा, झोपलात का काय?" मी ब्लोअरच्या घरघरीत ओरडून सांगायचो की झोपलो नाही.

मी सांगतोय त्या वर्षी तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सहावा महिना सरत आलेला. सासर वडवणीच्या पलीकडं. अक्का रोज संध्याकाळी तिला पाटाच्या बांधावरून फिरवायची. एकदा कुंपणाशी उभी राहून मला म्हणाली, "ही लेक मी कोपीत जन्माला घातली दादा. उसाच्या फडात. पाचटाचं छप्पर, बाजूला बैलं बांधलेली. तवाच म्हणलं, हिचं बाळंतपण पत्र्याखाली का व्हईना, पर घरात करीन. दवाखाना जवळ, दूध घरचं." लेक लाजून दुसरीकडं बघत होती. मी म्हणालो, होईल की, काय अडचण आहे. अडचण काहीच नव्हती तेव्हा.

पितृपंधरवड्यात माझा जोडीदार ऑपरेटर काम सोडून पुण्याला गेला. ठेकेदार रोज फोनवर म्हणायचा, "उद्या माणूस देतो." तो उद्या तीन-चार महिने चालला. मी पहाटे यायचो आणि अंधार पडला की जायचो, मधल्या वेळेत लाईट गेली तर जनरेटरला दोरी मारायची, जाळी उपसायची, गाळाचा पंप अडकला तर हात घालून मोकळा करायचा. पाय सुजायचे. घरी जेवता जेवता डुलकी लागायची. सांगून काही उपयोग नव्हता, कारण सांगायचं कुणाला तर ठेकेदारालाच.

त्यातच जिल्ह्याहून मोठे साहेब केंद्र बघायला येणार असा निरोप आला. दिवाळीला तीन-साडेतीन आठवडे होते. आमच्याकडं साहेब येणार म्हटलं की काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढऱ्या रेघा पडतात. ब्लीचिंगची पावडर, टीसीएल म्हणतात तिला, ती गोणीनं येते आणि मुठीमुठीनं पसरते. गटारीत फिनेलचे डबे उपडे होतात. गाव स्वच्छ झालं की नाही ते नंतर बघू, आधी स्वच्छतेचा वास आला पाहिजे. साहेब लोकांनाही तोच वास ओळखीचा झालाय. तो आला नाही तर त्यांना वाटतं इथं कुणी काम करत नाही.

आता ही पावडर जंतू मारायला असते आणि माझं सगळं केंद्र जंतूंवर चालतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. फाटकावर मीच पाटी लावली होती, गटारीत पावडर टाकू नये. सफाई कामगारांचा जमादार आहे, सज्जन माणूस, त्याला मी दोनदा समजावून सांगितलं होतं. म्हणूनच त्यानं आदल्या दिवशी दुपारी मला फोन केला.

"दादा, उद्या साहेब हायत. केंद्राकडच्या मोठ्या गटारीला वास लई हाय. अध्यक्ष म्हणतेत पावडर मारा. तुमी म्हणलता टाकू नका. काय करू?"

मी उलट्या बादलीवर बसलो होतो. सकाळपासून तीनदा लाईट गेली होती, पोटात चहाशिवाय काही नव्हतं, पंपाच्या पट्ट्यात बोट चेमटलेलं. नाही म्हणायला एक शब्द लागतो. पण नाही म्हटलं की पुढं अध्यक्षांचा फोन, मग त्यांना समजावणं, मग त्यांचं "तुम्हीच काय ते शहाणे" ऐकणं, एवढं सगळं मला दिसलं. मी म्हणालो, "मारा हो. काय मारायचं ते मारा."

जमादार आज्ञाधारक माणूस. त्यानं गोदामातल्या सगळ्या गोण्या मोठ्या गटारीत रिकाम्या केल्या आणि वरून फिनेल ओतलं. मारा म्हटलं म्हणून मनापासून मारलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. टाकीच्या कठड्याशी उभे राहिले, फोटो काढले, आणि म्हणाले, "अरे वा, वास अजिबात नाही." अध्यक्षांनी माझ्याकडं बघून मान हलवली. मी टाकीकडं बघत होतो. वर पांढरा फेस चढत होता आणि फेसाखालचं पाणी राखेसारखं दिसत होतं. साहेबांनी माझी पाठ थोपटली. तेव्हा मला जी लाज वाटली ती आधी कधी वाटली नव्हती.

तिसऱ्या दिवशी जारातला गाळ खाली बसेना. चौथ्या दिवशी पाणी काळं पडलं आणि कुजक्या अंड्यांचा वास सुटला. टाकी मेली होती.

मेलेली टाकी परत उभी करायचे दोन रस्ते आहेत. एक, दुसऱ्या शहरातल्या चालू केंद्रातून जिवंत गाळाचा टँकर आणायचा आणि आपल्या टाकीत ओतायचा. आठ दिवसांत काम सुरू होतं. दुसरा रस्ता गरिबांचा. शेणकाला कालवायचा, गूळ घालायचा, ब्लोअर चालू ठेवायचा आणि जंतू आपले आपण वाढायची वाट बघायची. तोवर गावचं पाणी टाकीत थोडंथोडंच घ्यायचं. बाकीचं बाजूच्या दारातून थेट पलीकडच्या मोठ्या नाल्यात सोडून द्यायचं. म्हणजे मागच्या पाटाला थेंबही नाही.

मला रिपोर्ट लिहायचा होता. काय झालं ते लिहिलं असतं तर टँकर आला असता. पावडरीनं सगळी टाकी मेली म्हटलं की वरून हलतात, कारण ते त्यांच्याही अंगाशी येतं. पण मग हो कुणी म्हटलं हा प्रश्न आला असता. मी लिहिलं, वारंवार वीज खंडित झाल्यामुळे प्रक्रिया बिघडली आहे. वीज खंडित झाली होती हे खोटं नव्हतं. आमच्याकडं हे कारण कधीच खोटं नसतं. साहेबांचा फोन आला, "लाईटनं एवढं काही होत नाही, येईल आपोआप जाग्यावर. टँकरचं दिवाळीनंतर बघू." जमादाराला मी म्हणालो, "आपलं बोलणं तिसऱ्या माणसापाशी नको." तो म्हणाला, "मी कावून सांगू? मला बी नोकरी हाय." त्यानं खरंच कुणाला सांगितलं नाही.

अक्का पाचव्या दिवशी कुंपणाशी आली.

"दादा, पाट कावून कोरडा हाय?"

"लाईटमुळं टाकी बिघडली, अक्का."

"ह्या लाईटवाल्यांच्या बैलाला! किती दिस?"

"आठ दिवस."

आठ दिवसांत होणार नाही हे मला माहीत होतं. पण तिची लेक मागं बांधावर बसली होती, पायावर सूज आलेली, आणि मला तो आकडा मोठा करवला नाही. अक्का म्हणाली, "आठ दिस माझा घास दम धरतोय. फुडं न्हाई. भाऊ आलता काल. त्याचा पुतण्या औंदा न्हाई जात. म्हणतो, तू चल. मी म्हणलं म्हशी टाकून येऊ का? तर म्हणतो, घासच न्हाई तर म्हशी काय करतीस." मग तिनं विचारलं, टाकीला काय लागतं. मी सांगितलं, शेण लागतं. ती म्हणाली, "मग बोलायचं की. दोन म्हशी हायत."

दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी शेणाचं घमेलं डोक्यावर घेऊन यायची. आम्ही पिंपात शेण कालवायचो, गोणपाटातून गाळायचो, त्यात गूळ फोडून टाकायचो आणि टाकीत सोडायचो. ती हातानं ढवळायची, मी काठीनं. मला हातमोजे होते, तिच्यासाठी मी आणायला विसरत राहिलो. काम करता करता ती बाळंतपणाचं बोलायची. डिंक आणून ठेवलाय, खारका आणायच्यात, जुनी लुगडी धुऊन मऊ केलीत. मी हो हो करायचो. रोज वाटायचं, आज सांगू. पावडर मी मारायला सांगितली, लाईटचं खोटं लिहिलं म्हणून टँकर येत नाही, आणि तू माझ्या चुकीत शेण कालवतेस. आणि रोज वाटायचं, टाकी एकदा चालू होऊ दे, मग सांगू. चालू झाल्यावर सांगायला सोपं जाईल असा माझा हिशेब होता.

आठ दिवस झाले. जार तसाच गढूळ. मी म्हणालो, आणखी आठ.

त्या दिवशी ती भांडली. घास कडेनं पिवळा पडायला लागला होता. म्हणाली, "गावचं पाणी नाल्यात वाहून चाललंय न्हवं? तेच माझ्या पाटात सोडा. घाण तर घाण. गवताला काय कळतंय?"

"सोडता येत नाही, अक्का."

"कावून येत न्हाई? दार हाय, चाक हाय. फिरवा."

चाक होतं. एका हातानं फिरवता आलं असतं. पण तो पाट तिच्या रानाच्या पुढं वस्तीच्या विहिरीला खेटून जातो, आणि त्या विहिरीचं पाणी दहा-बारा घरं पितात. पावसाळ्यात एकदा जाळी तुंबून कच्चं पाणी पाटात गेलं होतं, तर वस्तीतली लहान पोरं आठवडाभर जुलाबानं लोळत होती. मी तिला हे सांगितलं. म्हणालो, "त्या विहिरीचं पाणी तुझी लेकही पिते." तिनं वस्तीकडं बघितलं. मग म्हणाली, "तुमचं बरं हाय दादा. तुमी न्हाई म्हणता अन तुमचं काय जात न्हाई." घमेलं तिथंच टाकून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेण घेऊन परत आली, जणू काही बोलणं झालंच नव्हतं.

मला अजून वाटतं की तिथं माझं बरोबर होतं. पण ज्या माणसानं एकदा नको तिथं हो म्हटलंय त्याला योग्य ठिकाणी नाही म्हणताना तोंड वर करता येत नाही. मी खाली बघूनच नाही म्हणालो.

दिवाळीचे दिवस मी केंद्रावरच काढले. ठेकेदारानं मिठाईचा पुडा पाठवला, माणूस नाही. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी जारात पहिल्यांदा थोडा गाळ खाली सरकला, फक्त दोन बोटं, पण सरकला. पाणी अजून मातकटच होतं. मी घाईनं कुंपणाशी गेलो, तर अक्का घमेलं न घेता उभी होती. मी जार दाखवायच्या आधीच ती म्हणाली, "काल बाजारात म्हशी दिल्या, दादा. वैरण इकत घेऊन किती दिस भागवायचं? उद्यापासून शेण न्हाई." मी जार पाठीमागं धरला. काय दाखवणार होतो तिला, दोन बोटं गाळ?

भाऊबीजेला तिचा भाऊ आला. तिनं मला चहाला बोलावलं होतं. पत्र्याच्या खोलीत पाटावर भाऊ बसला होता, उंच, वाळलेला, हाताला कोयत्याचे घट्टे. तिनं ओवाळलं. त्यानं ताटात ओवाळणी टाकायला खिशात हात घातला, तर तिनं त्याचा हात धरला. म्हणाली, "ओवाळणी नगं. आठ दिस थांब. दादा म्हणतेत टाकी येतीया. पाणी आलं की घास उठंल, मी एक म्हैस परत बघते. मला औंदा सोड."

भाऊ माझ्याकडं वळला. "आठ दिसात येतंय का पाणी? खरं सांगा."

मला हो म्हणायचं होतं. पण जारात दोन बोटं होती आणि मी आधी दोनदा आठ म्हणून चुकलो होतो. म्हणालो, "येईल असं वाटतंय. खात्री नाही देता येत."

भाऊ म्हणाला, "गाडी उद्या हाय. तिच्याबिगर मी अर्धा. मला कोण नेतंय?" त्याच्या आवाजात राग नव्हता. तोही थकलेला होता. अक्कानं ताट खाली ठेवलं आणि चहा ओतायला उठली. लेक कोपऱ्यात बसली होती. आपलं काय ठरलं ते तिला आमच्या बोलण्यातूनच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीवर ट्रक लागला. भांडी, पीठ, पत्र्याच्या पेट्या, शेळ्या, कुणाच्या कडेवर लेकरं. मी केंद्र सोडून गेलो. मला वाटलं होतं लेकीला सासरी पोचवलं असेल. पण ती ट्रकच्या पाठीमागं उभी होती आणि दोन बाया तिला काखेत धरून वर घेत होत्या.

मी म्हणालो, "अक्का, हिला कुठं नेतेस?"

"सासरी कोण हाय? सासू बी तोडीला, नवरा बी तोडीला, दुसऱ्या टोळीत. घराला कुलूप हाय." तिनं डिंकाची पिशवी लेकीच्या हातात दिली. "पहिलटकरीण म्हायेरी आलीया. मी जितं, तितं तिचं म्हायेर."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण तीच माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "तुमी लई केलं दादा आमच्यासाठी. सणाला घरी बी गेला न्हाईत." मग हळूच म्हणाली, "घासाच्या मुळ्या जित्या हायत. पाणी आलं की सोडा." ट्रक मांजरसुंब्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मी तिथं उभा होतो.

ट्रक गेल्यावर सहाव्या दिवशी जार निवळला. अर्ध्या तासात गाळ खाली, वर पाणी, ओल्या मातीचा वास. मी पाटाचं दार उघडलं. पंधरवड्यात तिचा घास मुळातून फुटला आणि महिन्याभरात गुडघ्यापर्यंत आला. खायला कुणी नव्हतं. मी रविवारी तो कापायचो आणि वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या शेळ्यांना टाकायचो. जानेवारीत ठेकेदारानं एकदाचा माणूस दिला.

त्याच सुमाराला एका दुपारी तिचा फोन आला. मागं कोयत्यांचे आवाज, ट्रॅक्टर, कुणीतरी कुणाला हाका मारतंय.

"दादा, नातू झाला. परवा."

"दवाखान्यात?"

"गाडी यायच्या आत झाला. कोपीत. लहान हाय, पर रडतंय जोरात. लेकीला ताप हाय. नर्सबाई येऊन गेली, गोळ्या दिल्यात. घास कसा हाय?"

मी म्हणालो, घास चांगला आहे. आणि मग मला राहवलं नाही. तीन महिने जे कुंपणाशी, पिंपाशी, ट्रकपाशी बोललो नाही ते फोनवर बोललो. म्हणालो, अक्का, लाईटमुळं झालं नव्हतं. जमादारानं मला विचारलं होतं, पावडर मारू का, आणि मी हो म्हणालो. टाकी त्यानं मेली. वर खोटं लिहिलं म्हणून टँकर आला नाही, नाहीतर दिवाळीआधी पाणी आलं असतं. हे सगळं मी एका दमात सांगितलं आणि सांगून झाल्यावर मला खरंच हलकं वाटलं.

पलीकडं कोयत्यांचे आवाज चालूच होते.

मग म्हणाली, "सकाळधरनं मोळ्याच उचलतीया, दादा. त्यात आणि हे कावून माझ्या डोक्यावर देता?"

कुणीतरी तिला हाक मारली. गाडी भरायची होती. फोन तिनंच ठेवला.